मध्ये उभे केलेले लेकरू

शास्त्रभाग : मार्क ९:३३–३७, लूक २:४१–५२, मत्तय २५:१४–३०



जून महिना आला की आपल्या घराघरांत शाळेची गडबड सुरू होते. वह्यांना कव्हरे घातली जातात, गेल्या वर्षीचा गणवेश उसवून लांब केला जातो, रिक्षावाल्याशी बोलणे होते, आणि कित्येक घरांत फी भरण्यासाठी आईची पाटली सोनाराकडे गहाण पडते. हे सारे आपण मुलांच्या भल्यासाठीच करतो. पण लेकरू एकदा शाळेच्या फाटकातून आत गेले की तेथे त्याचे काय होते, तेथे त्याला कोणी नावाने ओळखते काय, ते घरी हसत येते की मुकाट्याने येते, हे आपण विचारतोच असे नाही. आपण विचारतो ते एवढेच : किती मार्क पडले?

शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या वर्गांना वर्षातून निदान २०० दिवस आणि सहावी ते आठवीला २२० दिवस शाळा भरली पाहिजे. आपल्या शब्बाथ शाळेच्या वाट्याला येतात ५२ रविवार, आणि तेही तासाभराचे. म्हणजे आपल्या लेकराला 'तू कोण आहेस' हे सांगणारा आवाज बहुतेक शाळेचाच असतो. तो आवाज काय सांगतो, आणि त्याच्या जोडीने मंडळीचा आवाज काय सांगतो, याचा विचार आज आपण वचनाच्या प्रकाशात करू.

वाटेतला वाद

मार्काच्या शुभवर्तमानात सांगितले आहे की प्रभू शिष्यांसह कफर्णहूमास आला आणि घरात गेल्यावर त्याने त्यांस विचारले, वाटेत तुमची कसली चर्चा चालली होती? ते गप्प राहिले. का, तर आपल्यांत मोठा कोण यावरून त्यांचा वाद झाला होता. प्रभू आपल्या मरणाविषयी त्यांना सांगत होता, आणि हे वाटेने चालताना पहिला नंबर कोणाचा ते ठरवीत होते!

प्रभूने त्यांना यादी करून दिली नाही. पेत्र पहिला, योहान दुसरा, असे काही सांगितले नाही. तो खाली बसला, बारा जणांना जवळ बोलावले, आणि एका लेकराला घेऊन त्यांच्या मध्ये उभे केले. मग त्याला कवेत घेतले. जो अशा लेकराला माझ्या नावाने स्वीकारतो तो मलाच स्वीकारतो, असा त्याच्या बोलण्याचा आशय होता. येथे मूळ ग्रीक भाषेत स्वीकारण्यासाठी जो शब्द आहे, तो पाहुण्याला घरात घेण्यासाठीही वापरतात. पाहुणा दारात आला की त्याची गुणपत्रिका आपण मागत नाही. आधी आत घेतो, पाणी देतो, बसवतो.

त्या लेकराचे नाव शास्त्रात नाही. वय नाही. ते हुशार होते की मंद, हेही नाही. मोठेपणाचा प्रश्न जेथे निघाला तेथे प्रभूने मुद्दाम असे कोणी उभे केले की ज्याला त्या काळच्या समाजात कसलाच दर्जा नव्हता.

बंधुभगिनींनो, आपल्या शाळांतूनही मुलाला मध्ये उभे करतात. आपल्यापैकी पुष्कळांना आठवत असेल : बाकावर उभे केलेले, कान धरून उभे केलेले, उत्तर चुकले म्हणून फळ्याशेजारी तोंड वळवून उभे केलेले. सारा वर्ग हसत असतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा करणे आणि त्याचा मानसिक छळ करणे या दोन्ही गोष्टींना मनाई केली आहे. कायदा झाला म्हणून सवय गेली असे नाही. एक मध्ये उभे करणे लाजवण्यासाठी आहे आणि एक कवेत घेण्यासाठी आहे. आपली मंडळी यांपैकी कोणत्या रीतीने मुलांना उभे करते, हा प्रश्न आम्हांला एका मुलाने शिकवला. ती हकीकत सांगण्यास आम्हांला संकोच वाटतो, कारण चूक आमचीच होती.

नऊ नावांची यादी

आमच्या मंडळीत पूर्वी अशी रीत होती की दहावीचा निकाल लागला म्हणजे त्यानंतरच्या एका रविवारी उपासनेत गुणवंतांची नावे वाचायची, टक्क्यांसह, वरून खाली, आणि एकेकाला पुढे बोलावून पेन आणि पवित्र शास्त्राची प्रत द्यायची. काही वर्षांपूर्वी ती यादी वाचण्याचे काम आमच्याकडे होते. नऊ नावे होती. आम्ही ती मोठ्या उत्साहाने वाचली. टाळ्या झाल्या, फोटो झाले, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली.

आमच्या शब्बाथ शाळेतून त्या वर्षी दहावीला दहा मुले बसली होती.

दहाव्या मुलाचे गणित आणि विज्ञान राहिले होते. त्याची आई मागच्या बाकावर होती. आशीर्वाद होण्याआधीच ती उठून गेली, हे आम्ही पाहिले. पण घरी काही काम असेल असे मनाचे समाधान करून घेतले. पुढच्या रविवारी मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. हजेरीपुस्तकात आम्ही नियमाने 'गैरहजर' लिहीत होतो. ऑगस्ट महिन्यात महिला मंडळातील एक वृद्ध भगिनी आम्हांला दारात अडवून म्हणाल्या, "मास्तर, ते पोर दिसंना कुठं. तुम्ही जाऊन बघून आलात काय?"

तेव्हा आम्ही गेलो. मुलगा एका गॅरेजमध्ये हात काळे करून बसला होता. आम्ही विचारले, "अरे, रविवारी का येत नाहीस?" तो खाली पाहूनच म्हणाला, "काका, तुमच्या यादीत माझं नाव नव्हतं. मग येऊन कुठं बसू?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. आणखी वाईट म्हणजे पुरवणी परीक्षेच्या फॉर्मची तारीख तोवर निघून गेली होती. निकालाच्या आठवड्यात कोणी एक मनुष्य त्याच्या घरी गेला असता, शेजारी बसून फॉर्म भरून दिला असता, तर त्याचे वर्ष वाचले असते. आमच्या मंडळीत तीन शिक्षक आहेत. कोणीही गेले नाही, कारण आम्ही सारे नऊ जणांच्या आनंदात होतो.

पुढच्या वर्षी त्या तिघांपैकी एका भगिनीने संध्याकाळी त्याचा अभ्यास घेतला. विज्ञान सुटले, गणित त्याच्या पुढच्या खेपेस सुटले. तो अजून त्याच गॅरेजमध्ये काम करतो आणि चांगले काम करतो. रविवारी कधी येतो, कधी येत नाही. आम्ही त्याची क्षमा मागितली, त्यानेही मोठ्या मनाने ती केली. पण ते गेलेले वर्ष आम्ही त्याला परत देऊ शकलो नाही.

यादीबाहेरच्यांसाठी शाळा

ही गोष्ट आम्हांला अधिक लागली याचे कारण आपला इतिहास. मंडळीने शाळा काढल्या त्या कोणासाठी?

शब्बाथ शाळेपासूनच सुरुवात करू. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टर शहरी रॉबर्ट रेक्स यांनी १७८० मध्ये रविवारची शाळा सुरू केली, ती आठवड्याचे बाकीचे दिवस कामावर राबणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी. त्यांचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नव्हते. त्या शाळेत वचनाबरोबर वाचणे शिकवीत, कारण वाचता आल्यावाचून वचन हातात येणार कसे? तेव्हा शब्बाथ शाळेचा जन्मच मुळी यादीबाहेरच्या मुलांसाठी झाला.

आपल्या देशात १८१३ मध्ये अमेरिकन मिशनरी मुंबईस उतरले. १८२४ मध्ये त्या मिशनने मुंबईत मुलींची शाळा उघडली. मुलीच्या हातात पाटी देणे हेच त्या काळी नवल होते. १८२७ मध्ये मिस सिंथिया फॅरार आल्या. प्रथम मुंबईत आणि पुढे अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, १८६२ मध्ये त्यांचे देहावसान होईपर्यंत त्या मुलींच्या शिक्षणासाठी झटल्या. त्यांचे नगरचे काम जोतीराव फुले यांनी पाहिले, आणि १८४८ मध्ये जोतीराव व सावित्रीबाई यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, हे सर्वांना ठाऊक आहे. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडले, ते मुख्यतः विधवांसाठी. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली सोडवून आणल्या आणि केडगावला त्यांचा आश्रय उभा राहिला. तेथे आधी अन्न, मग अक्षर आणि हाताला काम असा क्रम होता.

आपले बडोद्याचे वाचक आणखी एक गोष्ट अभिमानाने सांगतील. सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध संस्थानास लागू केला. शेतावर, गुरांमागे असलेल्या मुलासाठीही शाळेत जागा आहे, असे एका राजाने ठरवले.

या सर्व शाळा निर्दोष होत्या असे आम्ही म्हणत नाही. मिशनच्या बोर्डिंगमध्येही वेत होता, आणि त्याचे वळ आमच्या वडील पिढीने अंगावर वागवले आहेत. पण त्या शाळांचा पहिला प्रश्न 'पहिला कोण' हा नव्हता. 'बाहेर कोण राहिले' हा होता.

शाळा म्हणजे लेकराला काय असते, हे अलीकडे आपल्या डोळ्यांदेखत पुन्हा दिसून आले. मार्च २०२० मध्ये साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि बऱ्याच ठिकाणी लहान वर्ग दीड वर्ष किंवा त्याहून अधिक काळ भरले नाहीत. ज्या घरांत चांगला फोन होता तेथे धडे कसेबसे चालले. पण शाळेतून धड्यांखेरीज जे मिळत होते ते फोनवरून मिळेना. दुपारचा घास मिळेना. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आणि २००१ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर शिजवलेल्या अन्नाच्या रूपाने रुजलेल्या माध्यान्ह भोजनावर किती लेकरांची भूक अवलंबून आहे, हे ताट बंद झाल्यावर कळले. बाकावरचा सोबती मिळेना. आणि 'आज गप्प का रे?' असे विचारणारे बाईंचे डोळे मिळेनात. ज्या घरात मारहाण आहे, दारू आहे, त्या घरातल्या मुलाला ते पाच-सहा तास हाच विसावा होता. म्हणून शाळेला नावे ठेवण्यापूर्वी तिच्याबद्दल देवाचे आभार मानले पाहिजेत. चांगली शाळा ही लेकराला देवाच्या हातून मिळालेली सावली होय.

धन्याची शाबासकी

येथे कोणी विचारील, मग अभ्यासाला किंमत नाही काय? ज्याने रात्र रात्र जागून ९४ टक्के मिळवले त्याचे कौतुक करू नये काय? आमच्या मंडळीतही हा प्रश्न थोड्या कुरकुरीसह विचारला गेला. प्रश्न रास्त आहे. आपले वाडवडील पाटी-पेन्सिलीच्या बळावर वर आले. गरिबाच्या मुलाला शिक्षणावाचून दुसरी शिडी नाही. आळसाला आपण आशीर्वाद देऊ शकत नाही.

पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील दाखला लक्ष देऊन वाचा. धन्याने एका दासाला पाच, दुसऱ्याला दोन आणि तिसऱ्याला एक असे रुपयांचे भाग दिले, ज्याच्या त्याच्या योग्यतेप्रमाणे. पाचवाल्याने आणखी पाच मिळवले. दोनवाल्याने आणखी दोन. आता धन्याची शाबासकी पाहा. एकविसावे वचन आणि तेविसावे वचन शेजारी ठेवून वाचा : दोघांना तेच शब्द, तोच आनंद, तेच आमंत्रण. दहा घेऊन आलेल्याला अधिक टाळ्या आणि चार घेऊन आलेल्याला कमी, असे तेथे काही नाही. रागावणे झाले ते फक्त ज्याने पुरून ठेवले त्याच्यावर, आणि त्यानेही पुरून ठेवले ते भीतीमुळे. धनी कठोर आहे, या भीतीने!

शिक्षकबंधूंनो, या शेवटच्या गोष्टीवर विचार करा. भ्यालेले मूल आपले देणे जमिनीत पुरते. ते हात वर करीत नाही, प्रश्न विचारीत नाही, चूक होईल म्हणून कोरे पान देते. आणि लूक आपल्याला बारा वर्षांचा येशू कसा दाखवतो? मंदिरात गुरुजनांच्या मध्ये बसलेला, ऐकणारा आणि प्रश्न विचारणारा. त्या गुरुजनांनी त्याला 'गप्प बैस' म्हटले नाही, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. पुढे लूक त्याची वाढ चार बाजूंनी सांगतो : बुद्धीची, शरीराची, देवाशी असलेल्या नात्याची आणि माणसांशी असलेल्या नात्याची. आपल्या घरी येणाऱ्या प्रगतिपुस्तकात यांपैकी किती रकाने असतात?

भीतीची गोष्ट निघाली म्हणून एक कटू सत्य सांगणे भाग आहे. सरकारी नोंदींप्रमाणे २०२२ या एका वर्षात आपल्या देशात तेरा हजारांवर विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. सर्वांचे कारण परीक्षा होते असे नव्हे. पण त्यांतील प्रत्येक लेकरू कोणत्या तरी शाळा-कॉलेजच्या पटावर होते, कोणत्या तरी घरात जेवत होते. आणि आपल्या घरी असे होणार नाही, असे कोणत्याही मंडळीने समजू नये.

आपण काय करावे

पहिले, हजेरीपुस्तक वेगळ्या रीतीने वाचा. मेंढपाळाने नव्याण्णव मोजून समाधान मानले नाही. जे लेकरू दोन रविवार दिसले नाही त्याच्या घरी तिसऱ्या रविवारापूर्वी कोणी तरी गेलेच पाहिजे. निकालाच्या आठवड्यात तर यादीत नाव नसलेल्या मुलाकडे प्रथम जावे, आणि पुरवणी परीक्षेची तारीख विचारून जावे.

दुसरे, वाचनावरून कोणाला लाजवू नका. आपल्या विखुरलेल्या मंडळ्यांतील मुलांची स्थिती ध्यानात घ्या. बेळगावकडे घरी मराठी, बाजारात कानडी, शाळेत इंग्रजी. बडोद्याला गुजराती, हैदराबादला तेलुगू आणि उर्दू, इंदूर-ग्वाल्हेरला हिंदी. इंग्रजी शाळेतले मूल मराठी शास्त्र हाती घेऊन अडखळते तेव्हा ते मंद नसते; ते तीन भाषांचे ओझे वाहत असते. त्याला एकट्याला उभे करून वाचायला लावू नये. सर्वांनी मिळून वाचावे, आणि वर्ग संपल्यावर पंधरा मिनिटे देवनागरी अक्षरे शिकवावीत. रेक्स यांच्या शब्बाथ शाळेत हेच तर होत होते.

तिसरे, आईबापांनी संध्याकाळचा प्रश्न बदलावा. मार्क जरूर विचारा, पण त्याआधी विचारा : आज कोणाबरोबर डबा खाल्लास? बाईंना काय विचारलेस? कोणी त्रास दिला काय? आणि उत्तर ऐकताना हातातला फोन खाली ठेवा. मूल खूप दिवस गप्प राहू लागले, जेवेना, झोपेना, मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर केवळ प्रार्थना करून थांबू नका. प्रार्थना करा आणि डॉक्टरांकडेही न्या. मुलांच्या मदतीसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी १४४१६ हे सरकारी दूरध्वनी क्रमांक मोफत आहेत. ते शब्बाथ शाळेच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावावेत.

चौथे, शाळेशी नाते जोडा. आपल्या मंडळीतील जे शिक्षक आहेत त्यांच्यासाठी उपासनेत नावाने प्रार्थना व्हावी. पन्नास-साठ मुलांचा वर्ग सांभाळणे ही लहान सेवा नव्हे. ज्यांचे आईबाप रोजंदारीमुळे पालकसभेला जाऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीने, त्यांना विचारून, मंडळीतील एखाद्या वडीलधाऱ्याने जावे. 'या लेकराच्या पाठीशी कोणी आहे' एवढे शाळेला कळले तरी पुष्कळ फरक पडतो.

आमच्या मंडळीत आता ती यादी वाचली जात नाही. गुणवंतांच्या घरी पाळकसाहेब स्वतः जाऊन भेट देतात आणि प्रार्थना करतात. आणि जूनच्या पहिल्या रविवारी बालवाडीपासून कॉलेजपर्यंतची सारी मुले, पास झालेली, राहिलेली, शाळा सुटलेली, आपापली दप्तरे घेऊन पुढे येतात. मंडळी उठून त्यांच्याभोवती उभी राहते, आणि प्रत्येकाचे नाव घेऊन प्रार्थना होते. उपासनेला पंचवीस मिनिटे अधिक लागतात. गेल्या वर्षी त्या घोळक्याच्या कडेला गॅरेजमधून थेट आलेला एक तरुण उभा होता. त्याच्याजवळ दप्तर नव्हते. त्याचेही नाव घेतले गेले.

आपण प्रार्थना करू या.

हे प्रभू येशू, तू लेकराला मध्ये उभे केलेस आणि कवेत घेतलेस. आम्ही मात्र त्यांना तागडीत घालून तोलले, याची आम्हांस क्षमा कर. आमच्या मुलांच्या शाळांना आशीर्वाद दे. शिक्षकांना धीर आणि कोमल मन दे. जे लेकरू आज रात्री निकालाच्या भीतीने जागे आहे, त्याच्या दाराशी आमच्यापैकी कोणाला तरी वेळेवर पाठव. आणि जो आला नाही त्याला शोधायला जाण्याची लाज आम्हांस वाटू देऊ नको. तुझ्याच नावाने मागतो. आमेन.